काळ्या ओढ्याचे शेअर

सेहेचाळीस वर्षांचा होईपर्यंत निनाद कारखानीसने कुणावर हात उगारला नव्हता. भोसरीच्या फाउंड्रीत त्याने सात वर्षं काढली होती. तिथे शिवी दिल्याशिवाय लोखंडाची पाटीसुद्धा हलत नसे, पण हा माणूस हेल्परलाही 'दादा' म्हणून हाक मारायचा. घरात झुरळ निघालं तर तो अपर्णाला बोलवायचा. तिने चप्पल उचलली की तोंड फिरवून उभा राहायचा.

त्याला दुबईत येऊन चौदा वर्षं झाली होती. अल कुसैसला दोन बेडरूमचं घर होतं, मुलगी शुभ्रा दहावीत होती, अपर्णा अल बर्शातल्या एका डेंटल क्लिनिकमध्ये रिसेप्शन सांभाळायची. निनादची नोकरी शारजाच्या औद्योगिक भागात, एका सोन्याच्या रिफायनरीत होती. तो सोन्याचा कस काढायचा. खाणीतून आलेली सोन्याची वीट ओबडधोबड असते, तिच्यात चांदी असते, तांबं असतं. तिचा नखाएवढा तुकडा शिशाच्या पत्र्यात गुंडाळून राखेच्या वाटीत ठेवायचा आणि हजार अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत सरकवायचा. शिसं वाटीत जिरून जातं, मागे एक मणी उरतो. तो मणी छोट्या हातोडीने चपटा करायचा, ॲसिडात उकळून चांदी काढून टाकायची आणि उरलेलं सोनं तोलायचं. काम म्हटलं तर साधं, पण त्याच्या आकड्यावर कोट्यवधींचे सौदे व्हायचे. चौदा वर्षांत त्याचा आकडा कुणी खोटा पाडला नव्हता.

पूर्व सायबेरियातल्या एका खाणकंपनीच्या विटा त्याला विशेष आवडायच्या. कंपनीचं नाव चोर्नी रुचेय, म्हणजे काळा ओढा. तिच्या विटा दर खेपेला सारख्याच कसाच्या निघायच्या, जणू जमिनीनेच मोजून दिल्या होत्या. दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर सैन्य घातलं आणि महिन्याभरात रशियन नावाला बाजारात कुणी शिवेना. या कंपनीचा बारा दिऱ्हमचा शेअर सव्वा दिऱ्हमवर आला.

निनादने अपर्णाला समजावलं. युद्ध होवो, निर्बंध येवोत, जमिनीतलं सोनं काही पळून जात नाही. ते त्याने स्वतःच्या हाताने तोललं होतं. शेअर कझाकस्तानच्या बाजारातून मिळत होते, इथून घ्यायला कायद्याची आडकाठी नव्हती. पुण्यातल्या फ्लॅटसाठी आणि शुभ्राच्या कॉलेजसाठी ठेवलेली दोन लाख दिऱ्हमची एफडी होती, म्हणजे तेव्हाचे एक्केचाळीस लाख रुपये. अपर्णाने एकच विचारलं, बुडाले तर? निनादने तिला वहीवर आकडे मांडून दाखवले. तिने ते नीट पाहिले आणि एफडी मोडायच्या कागदावर सही केली. पुढे कित्येकदा ती म्हणाली, माझीही सही आहे त्यावर, एकट्या निनादला दोष देऊ नका.

त्यानंतरच्या वर्षभरात निनादला एक नवी सवय लागली. सकाळी चहाबरोबर तो युद्धाच्या बातम्या बघायचा. क्षेपणास्त्राने इमारत कोसळली, वीजकेंद्र उडालं, की दुसऱ्या दिवशी सोनं चढायचं. सोनं चढलं की काळा ओढाही चढायचा. ढिगाऱ्याखालून एका बाईला ओढून काढत होते, तिचा एक पाय गुडघ्यापासून नव्हता, आणि ते बघता बघता त्याच्या अंगठ्याने भाव दाखवणारं ॲप उघडलं. त्याला थोडी लाज वाटली. मग भाव बघितल्यावर ती ओसरली. कंपनीच्या वार्षिक अहवालात एक ओळ होती, आघाडीवर गेलेल्या आपल्या कामगारांसाठी कंपनीने बावीस ट्रक आणि हिवाळी कपडे दिले म्हणून. ती ओळ त्याने वाचली आणि पुढचं पान उलटलं.

बोहदान त्याच रिफायनरीत वितळभट्टीवर होता. अडतीस वर्षांचा, दारातून वाकून आत येणारा, मारियुपोलच्या पोलाद कारखान्यात वाढलेला युक्रेनी माणूस. युद्धाच्या तीन वर्षं आधीच तो इथे आला होता. निनादशी त्याचं बरं जमायचं. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे एकमेकांना नीट कळायचं. अपर्णाच्या डब्यातली लसणाची चटणी तो पावाला लावून खायचा आणि नाक पुसत आणखी मागायचा. युद्ध सुरू झाल्यावर तो गप्प झाला. त्याची आई मारियुपोलमध्ये होती. शहराला वेढा पडला आणि मार्चपासून तिचा फोन लागेना. जेवणाच्या सुट्टीत तो मोबाइलवर व्हिडिओ लावून बसायचा: जळणारे रणगाडे, खंदकात पडलेली पोरं, वरून ड्रोनने टाकलेला बाँब आणि खाली अंग आक्रसून घेणारा माणूस. कधी रशियन, कधी आपला. तो दोन्ही सारख्याच चेहऱ्याने बघायचा. एकदा निनादला म्हणाला होता, माझ्या वर्गातले नऊ जण तिकडे आहेत, मी इथे सोनं वितळवतोय. निनादने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. स्वतःच्या शेअरबद्दल मात्र तो कधी बोलला नाही.

दोन हजार तेवीसच्या मार्चमध्ये बातमी फुटली, की काळा ओढा रशियातून कारभार हलवणार आणि भागधारकांची निर्बंधांच्या भीतीतून सुटका होणार. दोन दिवसांत निनादच्या दोन लाखांचे पाच लाख वीस हजार झाले. अपर्णाने मोठ्याने हिशेब केला, एक कोटी सोळा लाख रुपये. ती खुर्चीत बसूनच राहिली. निनाद त्याच संध्याकाळी करामाला गेला आणि दोन किलो पेढे घेऊन आला.

सकाळी त्याने लॅबमध्ये पेढे वाटले. पहिला सुमैय्याला दिला. ती हैदराबादची केमिस्ट, लॅबची इन्चार्ज, तिला शेअरचं सगळं माहीत होतं. मग तो भट्टीच्या खोलीत गेला. बोहदान एका कोपऱ्यात उभा होता, त्याचे डोळे सुजलेले होते. निनादने खोका पुढे केला. बोहदानने पेढा घेतला, खाल्ला, मान हलवली. काय आनंदाची बातमी, असं त्याने विचारलं. निनाद म्हणाला, घरगुती आहे.

त्या पहाटे बोहदानला त्याच्या आईच्या शेजारणीने एक फोटो पाठवला होता. मारियुपोलच्या एका इमारतीच्या अंगणात, मुलांच्या घसरगुंडीशेजारी, जमिनीत रोवलेली एक फळी. फळीवर खडूने आईचं नाव आणि मागच्या वर्षीच्या मार्चमधली तारीख. वर्षभर तो तिला फोन लावत होता.

निनादला हे माहीत नव्हतं. सुमैय्यालाही माहीत नव्हतं. अकराच्या सुमारास बोहदान सही घ्यायला तिच्याकडे आला तेव्हा ती सहज बोलून गेली, की मिस्टर कारखानीसना लॉटरी लागली, रशियन गोल्ड माइनचे शेअर अडीचपट झाले. कंपनीचं नावही तिने सांगितलं. बोहदानला ते नाव ठाऊक होतं, नुसतं विटांवरून नाही. त्या बावीस ट्रकांचा व्हिडिओ त्याने पाहिला होता, प्रत्येकाच्या दारावर काळ्या ओढ्याचं चित्र रंगवलेलं होतं.

निनाद कसाच्या खोलीत भट्टीसमोर बसला होता. दार उघडल्याचं त्याने ऐकलं, पण वळून बघितलं नाही, कारण वाट्या बाहेर काढायची वेळ झाली होती. पहिला फटका त्याच्या जबड्यावर बसला. बोहदानच्या हातात मूस धरायची लोखंडी सांडस होती, हातभर लांब. निनाद स्टुलासकट आडवा झाला. तोंडात रक्त आलं आणि रक्ताबरोबर दात. बोहदान त्याच्या भाषेत काहीतरी ओरडत होता, त्यातलं निनादला एवढंच कळलं, 'ममा'. दुसरा फटका निनादने डाव्या हातावर झेलला, करंगळी आणि शेजारचं बोट दोन्ही तिथल्या तिथे चिरडली. बोहदानने त्याला कॉलर धरून उभं केलं आणि तोच हात भट्टीच्या तोंडावर दाबला. मांस भाजल्याचा वास आला. तो आपल्याच हाताचा आहे हे कळायला निनादला क्षणभर लागलं.

निनादच्या उजव्या हाताला टेबलावरची मणी ठोकायची हातोडी लागली. ती त्याने मागे न बघता फिरवली. ती बोहदानच्या डोळ्यावर बसली. एवढा मोठा माणूस गुडघ्यावर आला आणि मग बाजूला कलंडला. सांडस त्याच्या हातातून सुटली.

इथे सगळं संपायला हवं होतं. पण निनाद त्याच्यावर वाकला आणि त्याने आणखी मारलं. एकदा, दोनदा, तीनदा, त्याच डोळ्यावर, त्याच जागी. बोहदान हात वर करून जोडत होता, काही बोलत होता. तिसरा घाव घालताना निनादला बरं वाटलं. अंगातून कसलंतरी ओझं खाली उतरावं तसं. मग सुमैय्याची किंकाळी ऐकू आली आणि हातोडी त्याच्या हातातून गळून पडली.

हॉस्पिटलमध्ये त्याची दोन बोटं कापली. जबडा तारांनी बांधला. हाताच्या तळव्यावर मांडीची कातडी लावली. दुसऱ्या दिवशी शुभ्रा भेटायला आली. ती पायाशी उभी राहिली, जवळ आली नाही. तिथूनच तिने विचारलं, "बाबा, हू स्टार्टेड इट?"

निनादला बोलता येत नव्हतं. त्याने हवेत बोट फिरवून 'तो' अशी खूण केली. ती खरी होती, तरी त्याने मान भिंतीकडे वळवली.

पोलिसांकडे कॅमेऱ्याचं चित्रण होतं. त्यात बोहदान सांडस घेऊन आत शिरताना आणि निनादला मारताना स्वच्छ दिसत होता. पण भट्टीशेजारचा कोपरा, जिथे बोहदान पडला, तो कपाटाआड जात होता. कागदावर प्रकरण सरळ होतं: एकाने हल्ला केला, दुसऱ्याने जीव वाचवला. बोहदानवर गंभीर दुखापतीचा गुन्हा लागला. शिक्षा आणि त्यानंतर हद्दपारी होणार, असं रिफायनरीच्या वकिलाने अपर्णाला सांगितलं. हद्दपारी म्हणजे युक्रेन, आणि युक्रेन म्हणजे सरळ खंदक. अपर्णा म्हणाली, जाऊ दे त्याला कुठे जायचंय तिथे. निनादच्या मनातही तेच होतं. रात्री ड्रेसिंग दुखायचं तेव्हा तो डोळे मिटून बोहदानला त्या व्हिडिओतल्या खंदकात बघायचा, वरून बाँब पडताना. तसं बघितलं की त्याला झोप लागायची.

पाच आठवड्यांनी जबाबावर सही करायला त्याला पोलीस स्टेशनवर बोलावलं. अपर्णा बरोबर होती. अधिकारी तरुण होता, चांगलं हिंदी बोलायचा, त्याने निनादला उशी लावून बसायला दिलं. कागद पुढे सरकवताना तो म्हणाला, एक गोष्ट आम्हाला कळत नाही. डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार बोहदानच्या डोळ्याला एकापेक्षा जास्त मार आहे. डोळा गेला आहे. आम्ही त्याला तीनदा विचारलं. तो म्हणतो, पहिला फटका माझा होता, बाकीचं विचारू नका.

निनादने पेन हातात घेतलं होतं. ते त्याने खाली ठेवलं.

"पडल्यावर मी त्याला मारलं," तो म्हणाला. जबडा अजून नीट उघडत नव्हता, म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. "तीन वेळा. तो हात जोडत होता."

अपर्णाने त्याच्या मांडीला जोराचा चिमटा घेतला. अधिकाऱ्याने कागद परत आपल्याकडे ओढला. मग त्याने विचारलं, हे लिहून घेऊ का? एकदा लिहिलं की खोडता येणार नाही. निनाद म्हणाला, लिहा.

निनादला तिथूनच कोठडीत नेलं. अपर्णा गाडीत बसून स्टिअरिंगवर मुठी आपटत राहिली. तिचा राग खरा होता. नोकरी जाणार, व्हिसा जाणार, मुलीची शाळा सुटणार, आणि हे सगळं ज्याने नवऱ्याचा हात भाजला त्याच्यासाठी. कोठडीत भेटायला गेल्यावर तिने काचेपलीकडून विचारलं, "का बोललास तू? कोणी मागितलं होतं?"

निनाद म्हणाला, "अपर्णा, मला मारताना आवडलं गं."

तिने फोन ठेवला आणि उठून गेली. पण पुढच्या भेटीला ती वकील घेऊन आली.

वकिलाने समजावलं, की आता प्रकरण एकतर्फी हल्ल्याचं राहिलं नाही, दोघांच्या मारामारीचं झालं. दोघांनी एकमेकांविरुद्धची तक्रार सोडली, ज्याला इथे तनाजुल म्हणतात, तर न्यायाधीश नरमाईने घेऊ शकतात. कागदावर दोघांच्या सह्या हव्या होत्या. निनादने लगेच केली. बोहदानने चार दिवस घेतले. मग त्यानेही केली. निनादला एक महिन्याची कैद झाली, ती त्याने आधीच भोगली होती. बोहदानला सहा महिने. दोघांनाही दंड झाला. हद्दपारीचा हुकूम निघाला नाही. रिफायनरीने मात्र दोघांना एकाच दिवशी काढून टाकलं.

निनाद बाहेर आला तेव्हा शेअर अजून होते, भावही बरा होता. अपर्णा म्हणाली, आताच्या आता विकून टाक. त्याने विकायचे ठरवले, पण ब्रोकरने कागद मागितले, कोर्टाचा निकाल मागितला, पैसे कुठून आले त्याचा पुरावा मागितला. त्यात महिने गेले. दोन हजार चोवीसच्या सुरुवातीला कंपनीचं नाव निर्बंधांच्या यादीत आलं. ब्रोकरने खातं गोठवलं. स्क्रीनवर आकडा दिसायचा, पण त्याला हात लावता येत नव्हता. त्या दिवसांत निनादने घरातला काचेचा टीपॉय लाथेने फोडला. शुभ्रा आपल्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली. कडीचा तो आवाज ऐकून तो तिथेच काचांमध्ये बसला. मग उठून त्याने एकेक तुकडा उचलला, उजव्या हाताने. डाव्याला बारीक काच पकडता येत नव्हती. दुसऱ्या आठवड्यापासून तो एका डॉक्टरकडे जाऊ लागला, मनाच्या. त्याने स्वतःहून अपॉइंटमेंट घेतली होती. घरात चार महिने कुणी मोठ्याने बोललं नाही.

नोकरी मिळाली ती दैराच्या एका छोट्या दुकानात, जुने दागिने तपासायची. पगार निम्म्याहून कमी. ते करामातल्या एका बेडरूमच्या घरात आले. शुभ्रा हॉलमध्ये झोपायची, अभ्यास लायब्ररीत करायची, आणि कुणाला न सांगता तिने शनिवारी शिकवण्या घ्यायला सुरुवात केली होती.

वर्षभराने ब्रोकरचा फोन आला. निर्बंधांत अडकलेले शेअर विकत घेणारे लोक असतात, भावाच्या दहा टक्क्यांच्या आसपास देतात, परवानगीचे कागद ते आणतात. सगळं वजा जाता अठ्ठावीस हजार दिऱ्हम मिळत होते, साडेसहा लाख रुपये. निनादने सही केली. हे पैसे घ्यावेत की नाही, असा प्रश्न त्याला पडला नाही असं नाही, पण शुभ्राच्या कॉलेजच्या पहिल्या फीची तारीख चार दिवसांवर होती. पैसे आले आणि गेले.

त्याच सुमाराला बोहदानचा मेसेज आला. फक्त वेळ आणि जागा. करामातल्या एका कॅफेटेरियात दुपारी तीन वाजता दोघं समोरासमोर बसले. बोहदान अजमानला बोटींच्या यार्डात वेल्डिंग करायचा. डाव्या डोळ्याच्या जागी काचेचा डोळा होता, तो किंचित वर बघायचा. त्याने निनादचा हात टेबलावर घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि परत ठेवला. माफीचं कुणीच काही बोललं नाही.

बोहदानने सांगितलं, की सुटल्यावर तो स्वतःहून परत गेला होता. पोलंडमार्गे, बसने. सैन्याच्या डॉक्टरांनी डोळा बघितला आणि कागदावर शिक्का मारून त्याला सीमेवरून परत लावून दिलं. आईच्या अंगणापर्यंत जाता आलं नाही, ते अजून रशियनांकडे आहे. वर्गातल्या नऊपैकी तीन उरले होते.

"आता मला कुणी विचारत नाही, तू तिकडे का नाहीस म्हणून," तो म्हणाला. त्याने हे हळू सांगितलं, चहात साखर ढवळत. निनादला कळेना, हे आभार आहेत की शाप. विचारायची हिंमत झाली नाही.

मग बोहदानने काळ्या ओढ्याच्या शेअरचं विचारलं. निनादने खरं सांगितलं, विकले, अठ्ठावीस हजार मिळाले, मुलीची फी भरली. बोहदानने ते ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावरून निनादला काही वाचता आलं नाही. कोणत्या विषयात शिकते, असं त्याने विचारलं. निनाद म्हणाला, सायकॉलॉजी. बोहदानने मान हलवली आणि बिल मागवलं. निनादने पाकीट काढलं, पण बोहदानने अर्धे पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि अजमानची बस पकडायला निघून गेला.